जुन्या ट्रॅक्टरचे मोल कोणी ठरवावे?

शेतकऱ्याच्या घरातील एखादी वस्तू विकावयास निघाली म्हणजे तिचा भाव सांगणारी काही ना काही व्यवस्था आपल्याकडे आहे. कांद्यासाठी बाजार समितीचा लिलाव आहे. उसाला कारखान्याचा दर आहे. तो पुरेसा आहे की नाही हा वाद निराळा. जमिनीचे मूल्य शासनाच्या दरतक्त्यात सापडते, सोने सराफाच्या काट्यावर जाते आणि बैल काष्टीच्या बाजारात दात पाहून घेतला जातो. परंतु जमिनीखालोखाल ज्या वस्तूवर या घराने सर्वांत अधिक पैसा घातला तो ट्रॅक्टर, पंचवीस-तीस वर्षे राबून झाल्यावर विकावयास काढला, तर त्याचे मोल विचारावे असे ठिकाण शिरूर तालुक्यातही नाही आणि दौंड तालुक्यातही नाही. विकणारा आपल्या आठवणीतला आकडा सांगतो, घेणारा भंगाराच्या वजनाचा आकडा मनात धरतो आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला दलाल दोघांच्याही गरजेचा अंदाज घेऊन तिसराच आकडा ठरवितो. या तिसऱ्या आकड्याविषयीच प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. एक जुने, गंजलेले यंत्र. त्याला लाख आले काय आणि सव्वा लाख आले काय, असे शहरातील वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर इतकेच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र पालटते. साडेतीन एकरांच्या धन्यास नवा ट्रॅक्टर परवडत नाही. बँका नव्याला कर्ज देतात, जुन्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतात. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून या राज्यात ट्रॅक्टरमागे एक लाख ते सव्वा लाख रुपयांपर्यंत जे अनुदान दिले जाते तेही नव्या यंत्रासच. तेव्हा जुना ट्रॅक्टर घेणारा हा बहुधा घरची पुंजी, पाहुण्याकडून उसने किंवा खासगी वित्त कंपनीचे चढ्या व्याजाचे पैसे घेऊनच बाजारात उतरतो. त्याचा सौदा फसला तर पेरणीच्या तोंडावर यंत्र बंद, हप्ता मात्र चालू, अशी त्याची गत होते. आणि विकणाराही प्रत्येक वेळी सधन असतो असे नाही. मुलगा रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला, वडिलांच्याने आता स्टिअरिंग ओढवत नाही, म्हणून दारातले यंत्र काढणारी घरे या दोन्ही तालुक्यांत कमी नाहीत. दोन्ही बाजूंस माणसे अडलेली, आणि भाव ठरविण्याचे शास्त्र कोणाजवळच नाही.

या भागात ट्रॅक्टर आला तो पाण्याच्या मागोमाग. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला घोड, चासकमान आणि कुकडीचे कालवे. भीमेच्या आणि घोडच्या काठची काळी जमीन उसाखाली गेली, आणि ती नांगरण्यास बैलांच्या चार-चार जोड्या अपुऱ्या पडू लागल्या. देशात फरीदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर १९५९ साली बाहेर पडला. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ साली कंपनी काढली आणि कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. मद्रासचा मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स आणि फोर्ड, १९७१ नंतर पिंजोरचा एच.एम.टी., १९७४ नंतर मोहालीचा स्वराज, अशी ही नामावळी ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या तोंडी आजही मुखोद्गत आहे. त्या काळी ट्रॅक्टरचा इतका तुटवडा होता की सरकारने १९६७ साली किमतींवर नियंत्रण आणले आणि ते १९७४ पर्यंत ठेवले. नंबर लावून वाट पाहावयाची आणि आला म्हणजे वाजतगाजत घरी न्यावयाचा, असा तो प्रकार होता. आता शिरूर तालुक्यातल्याच सणसवाडीस जॉन डियरचे नवे ट्रॅक्टर तयार होतात, आणि २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. नवे इतके विकले जात असताना जुन्यांचाही बाजार तितकाच फुगणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

तीन चुकीचे हिशेब

भाव सांगताना माणसे सहसा तीनपैकी एका हिशेबाने बोलतात. पहिला पुस्तकी. कृषी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात ट्रॅक्टरचे आयुष्य बहुधा दहा वर्षे, वर्षाला हजार तास, आणि शेवटी मूळ किमतीच्या दहा टक्के उरते असे गृहीत धरलेले असते. सहा लाखांच्या यंत्राची दरसाल चोपन्न हजार रुपयांची घट होऊन दहाव्या वर्षी साठ हजार रुपये शिल्लक राहतात. भाडेदर ठरविण्यासाठी हा हिशेब उपयोगी आहे. विक्रीची किंमत ठरविण्यासाठी मुळीच नाही. साडेतीन एकरांवर वर्षाला हजार तास काम निघते कोठे? जो ट्रॅक्टर फक्त घरची मशागत करतो तो दहा वर्षांत तीन हजार तासही धावत नाही; जो गावभर भाड्याने फिरतो आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कारखान्यास दोन-दोन ट्रॉल्या ओढतो तो पाचव्याच वर्षी पुस्तकातले आयुष्य संपवून बसतो. सालाने वय मोजणे हा मनुष्यांचा न्याय झाला, यंत्रांचा नव्हे.

दुसरा हिशेब आठवणीचा. घराण्यातला पहिला ट्रॅक्टर, त्याच्या तोंडावर रंगविलेले आजोबांचे नाव, दर दसऱ्यास त्याच्या चाकाखाली ठेवलेला लिंबू, त्यावरून निघालेल्या वराती. विकणाऱ्याच्या मनात हे सर्व असते आणि ते असणे योग्यच आहे. फक्त त्याचे पैसे घेणाऱ्याने का द्यावेत, या प्रश्नास उत्तर नाही. अलीकडे या आठवणीस ‘व्हिंटेज’ या शब्दाची जोड मिळाली आहे. जर्मनीत लान्झ बुलडॉगसारख्या शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरांचे शौकीन आहेत, जत्रा भरतात, ही गोष्ट खरी. आपल्याकडे मात्र रस्त्याकडेच्या एखाद्या कृषिपर्यटनवाल्याने फाटकाशी उभा करण्यासाठी जुना ट्रॅक्टर चढ्या भावाने घेतला की त्याची कथा दहा गावे फिरते, आणि प्रत्येक पडवीतल्या खटाऱ्याची किंमत पन्नास हजारांनी वाढते. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी जे खास नियम केले, तेही दुचाक्या आणि प्रवासी मोटारींपुरते आहेत. शौकिनाची वाट पाहत ट्रॅक्टर पावसात कुजविण्यापेक्षा तो नांगराला जुंपणाऱ्याच्या हाती द्यावा, हे शहाणपणाचे.

तिसरा हिशेब भंगाराचा. हा घेणाऱ्याच्या सोयीचा. लोखंडाच्या वजनाला भाव लावला म्हणजे झाले, असे म्हणताना गिअरपेटी, मागचा धुरा, लिफ्ट, रिम ही सारी अंगे अद्याप कामाची आहेत, हे जाणूनबुजून विसरले जाते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. त्या आश्रमाने मोटारींचे जुने सुटे भाग वापरून छोट्या शेतकऱ्यासाठी ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर घडविला. जुना भाग म्हणजे भंगार नव्हे, हा धडा या तालुक्यातच गिरविला गेला आहे. भंगाराची किंमत ही खालची रेघ होय. तिच्याखाली कोणी विकू नये, एवढाच तिचा उपयोग.

मग योग्य हिशेब कोणता? माझ्या मते तो एकच, आणि तो साधा आहे. त्याच जातीचा, तेवढ्याच अश्वशक्तीचा, उद्या सकाळी नांगराला जुंपता येईल असा धडधाकट ट्रॅक्टर आपल्या टापूत किती रुपयांस जातो, ते तीन-चार खऱ्या सौद्यांवरून काढावे. सांगितलेल्या किमती ऐकू नयेत, दिलेल्या पैशाची चौकशी करावी. या दोहोंत वीस-तीस हजारांचे अंतर सहज असते. त्यातून आपला ट्रॅक्टर त्या अवस्थेस आणण्यास लागणारा खर्च वजा करावा. उदाहरणार्थ, धडधाकट यंत्राचा भाव दोन लाख आहे असे समजू. आपल्या यंत्राचे मागील दोन टायर गुळगुळीत झाले आहेत, त्यांचे चाळीस हजार; इंजिनाच्या कामाचे पन्नास हजार; बॅटरी, वायरिंग आणि किरकोळ दुरुस्ती दहा हजार. उरले एक लाख. न दिसणाऱ्या दोषांची जोखीम घेणारा पत्करतो, तिचे दहा-पंधरा हजार आणखी सोडावेत. (हे आकडे केवळ पद्धत दाखविण्यापुरते आहेत, जात आणि टापू यांनुसार ते बदलतील.) या पद्धतीत विशेष असे काहीच नाही. तिचा गुण इतकाच की प्रत्येक वजाबाकीवर बोट ठेवून दोघांना वाद घालता येतो. ‘मला इतके पाहिजेत’ आणि ‘मला इतके परवडतात’ या दोन वाक्यांत वाद घालण्यास जागाच नसते.

येथे विकणाऱ्यांस एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. विकण्यापूर्वी ट्रॅक्टर रंगवू नये. लाल-निळा ताजा रंग, नवे बॉनेट, चकचकीत सीट यांवर पंधरा हजार घातले तर ते परत येत नाहीत. उलट जाणता गिऱ्हाईक रंगाखाली काय झाकले आहे याचा शोध घेऊ लागतो. इंजिनाचे काम केले असेल तर मात्र त्याची बिले जपून ठेवावीत. बिलाशिवाय केलेले पन्नास हजारांचे काम गिऱ्हाईक पाच हजारांचेही मानत नाही, आणि त्यास दोष देता येत नाही.

यंत्राची साक्ष

वजाबाकी खरी व्हावयाची तर दोष दिसले पाहिजेत, आणि दोष पाहण्याची विद्या आपल्याकडे बैलाच्या बाबतीत जितकी मुरली आहे तितकी ट्रॅक्टरच्या बाबतीत मुरलेली नाही. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला हे शब्द काष्टीच्या बाजारात पोराटोरांस ठाऊक असतात. ट्रॅक्टरचे दात कोठे असतात? पुष्कळांचा समज, तासांच्या मीटरात. पण जुन्या ट्रॅक्टरांतील मीटर इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांवर बेतलेला असतो. मंद गतीने चाललेला तास तो पुरा तास म्हणून मोजतच नाही. शिवाय तो बंद पडतो, आणि बदलताही येतो. मीटर हा साक्षीदार खरा, पण फितूर होणारा.

खरे साक्षीदार अन्यत्र आहेत. विकणारा गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवतो; म्हणून पाहावयास पहाटे जावे आणि थंड इंजिन स्वतः चालू करून पाहावे. निळसर धूर दिसला तर आत ऑइल जळत आहे, म्हणजे रिंगा आणि लायनर झिजले आहेत. काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याचा. नोझल आणि पंपाचे काम निघेल. चालू होताना क्षणभर पांढरा धूर येणे वेगळे आणि इंजिन तापल्यावरही तो येत राहणे वेगळे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तेथून धुराचे लोट येत असतील तर बाकीची परीक्षा न घेताच इंजिनाचे काम हिशेबात धरावे.

याहून महत्त्वाचे ते काम करून पाहणे. अंगणात चालू करून दाखविलेला ट्रॅक्टर आणि वावरात ओढ लागलेला ट्रॅक्टर यांत, मांडवातला नवरदेव आणि संसारातला नवरा यांच्याइतका फरक असतो. टाकी काठोकाठ भरावी, तासभर नांगर ओढावयास लावावा आणि पुन्हा टाकी भरून डिझेल किती लागले ते मोजावे. नांगर वर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे तो किती खाली येतो ते पाहावे. लिफ्टची सारी हकीकत त्यात कळते. चढावर गिअर निसटतो काय, क्लच घसरतो काय, दोन्ही ब्रेक सारखे लागतात काय, हे चालवूनच कळणार. पुढचे चाक हलवून किंगपिनची ढिलाई पाहावी. स्टिअरिंग किती फिरविल्यावर चाक वळू लागते ते पाहावे.

या ट्रॅक्टरने आयुष्य कशात घालविले, हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. ट्रॉलीच्या हुकाचे भोक लांबट झाले असेल, क्लच-ब्रेक थकले असतील, तर तो उसाच्या वाहतुकीतला. पीटीओच्या शाफ्टचे दाते झिजले असतील तर रोटाव्हेटरवर भाड्याने राबलेला. लिफ्टच्या हातांचे गोळे सैल असतील तर नांगरटीचा. या तिघांत मी तिसरा पसंत करीन. पाटसपर्यंत किंवा न्हावऱ्यापर्यंत दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर आपल्या ताकदीबाहेरचे वजन सांभाळीत असतो, आणि ते ओझे गिअरपेटीत व मागच्या धुऱ्यात साठत जाते. बाहेरून दिसत नाही. घोडगंगा कारखान्यावर अलीकडच्या काळात गाळपाविना हंगाम काढण्याची पाळी आली, तेव्हा असे ओढणीचे ट्रॅक्टर बाजारात येण्याचा संभव वाढला, हेही घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणखी एक जात आहे, तिच्याविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात. भीमेच्या आणि घोडच्या पात्रातून रात्री वाळू ओढणारी. पाण्यात बुडालेल्या चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक तर जातातच. पण जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली पकडलेल्या वाहनाचा दंड आणि खटला यांचे शुक्लकाष्ठ मागे असेल, तर स्वस्तात मिळालेला ट्रॅक्टर तहसील कचेरीच्या आवारात उभा राहावयाचा.

सुट्या भागांचा प्रश्न तर भावाच्या मुळाशीच आहे. मॅसीच्या १०३५ चा किंवा महिंद्रचा भाग चौफुल्यापासून शिक्रापूरपर्यंत कोठेही मागावा. एच.एम.टी.चा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला; यंत्र उत्तम, झेटरच्या घराण्याचे, पण दरवर्षी त्याचे भाग शोधणे अवघड होत जाणार. आयशरचा एका सिलिंडरचा २४१ डिझेल जपून पितो आणि गावातला मिस्त्री तो डोळे मिटून खोलतो, म्हणून वयाच्या मानाने त्यास भाव राहतो. दोन ट्रॅक्टर एकाच साली घेतलेले, एकाच अवस्थेतले, तरी त्यांच्या किमतींत मोठे अंतर असू शकते ते याकरिता. जातीचा अभिमान बाजूस ठेवून जवळच्या मिस्त्रीस विचारावे, की तुला यातला कोणता दुरुस्त करता येतो. तोच घ्यावा.

काळवेळेचाही भावावर परिणाम होतो, आणि येथे दुर्बळ विक्रेता हटकून मार खातो. मृगाच्या आधी आणि उसाच्या हंगामाआधी मागणी असते. भर पावसाळ्यात नसते. दुष्काळाच्या वर्षी तर जनावरांच्या बाजारात होते तेच येथे होते, सगळे विकणारे आणि घेणारा एखादा. ऑक्टोबर २०१८ आणि ऑक्टोबर २०२३ या दोन्ही वेळी शासनाने दुष्काळी तालुक्यांची जी यादी जाहीर केली, तीत शिरूरही होता आणि दौंडही. ज्यांनी त्या वर्षांत ट्रॅक्टर काढले त्यांनी ते विकले असे म्हणण्यापेक्षा सोडून दिले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या करपूर्व किमतीवर हा फरक पस्तीस हजारांचा होतो. नव्याची किंमत उतरली म्हणजे चार-पाच वर्षे वापरलेल्याची उतरलीच पाहिजे, आणि ज्यांनी कपातीपूर्वीचे भाव मनात धरून ठेवले आहेत त्यांस गिऱ्हाईक मिळणे कठीण जाईल. तथापि फार जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत गणित उलट चालते. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग यांवरील करही त्याच दिवशी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुरुस्ती स्वस्त झाली म्हणजे वर सांगितलेली वजाबाकी लहान झाली. पंचवीस वर्षांच्या यंत्राच्या मालकाने या कपातीमुळे हातपाय गाळण्याचे कारण नाही. दलाल अर्थातच पहिली गोष्ट सांगेल, दुसरी सांगणार नाही.

कागद आणि मौन

यंत्राइतकेच कागदाचे मोल आहे, आणि आपल्याकडे त्याची हेळसांड अधिक. मुद्रांकावर विक्रीचा करार केला, नोटरीचा शिक्का उठविला, चहा घेतला आणि ट्रॅक्टर गेला. नोंदणीपुस्तकात नाव मात्र जुनेच. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईस तो जबाबदार. वाहन पुढे कितीही हात फिरलेले असो. विकल्यानंतर पाच वर्षांनी भलत्याच गावच्या रस्त्यावर ट्रॉलीखाली कोणी सापडला आणि विमा नसला, तर नोटीस येणार ती शिरूरच्या म्हाताऱ्याच्या घरी. वीस हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून चार दिवस घासाघीस करणारा माणूस या एका सहीविषयी इतका बेफिकीर कसा राहतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असेल तर ती पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. ट्रॉलीची नोंदणी निराळी. जुने बँकेचे कर्ज फिटले तरी तारणाची नोंद पुस्तकातून कमी केलेली नसते. भूविकास बँकेच्या काळातील ट्रॅक्टर असेल तर सातबाऱ्यावरील बोजाही तपासावा. त्या बँकेची थकलेली कर्जे राज्य शासनाने २०२२ साली माफ केली, परंतु माफी झाली म्हणजे प्रत्येक उताऱ्यावरील ओळ आपोआप पुसली गेली असे समजू नये. यातील प्रत्येक कागदास वेळ, पैसा आणि खेटे लागतात. तेव्हा ज्याचे कागद स्वच्छ आहेत त्याने त्याचे अधिक पैसे मागावेत. तो त्याचा हक्क आहे.

राहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा. दोष ठाऊक असून विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक होते काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्याने याचे उत्तर घोड्याच्या दाखल्याने दिलेले आहे. सदोष घोडा विकणारा नुसता गप्प राहिला तर ती कायद्याच्या दृष्टीने फसवणूक नव्हे. पण घेणाऱ्याने म्हटले, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन’, आणि त्यावरही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. हा दाखला दीडशे वर्षांचा असला तरी घोड्याच्या जागी ट्रॅक्टर ठेवला की जसाच्या तसा लागू पडतो. घेणाऱ्याने चार माणसांदेखत विचारावे: इंजिन कधी खोलले? ब्लॉकला वेल्डिंग आहे काय? अपघात झाला होता काय? कोठे पकडला गेला होता काय? उत्तरे करारपत्रातच लिहून घ्यावीत. आपल्या समाजात असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे मानतात. त्यातून पाहुण्यारावळ्यांतला सौदा असेल तर तोंडच उघडत नाही. पुढे कोर्टात समोरासमोर उभे राहण्यापेक्षा हा अविश्वास बरा.

बाजार समित्यांनी हे काम घ्यावे

एवढे सारे एकेका शेतकऱ्याने एकट्याने करावे, अशी अपेक्षा धरणे मात्र अन्यायाचे होईल. एके काळी धान्य, गूळ आणि मिरची यांचे सौदेही रुमालाखाली बोटे दाबून होत असत आणि माल आणणाऱ्यास आपल्याच मालाचा भाव कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांनी आणि १९६३ च्या पणन अधिनियमाने उघडा लिलाव आणला तो याचसाठी. व्यापाऱ्यांच्या सर्व क्लृप्त्या त्यामुळे संपल्या असे नव्हे. पण भाव चारचौघांत बोलला जाऊ लागला. जुन्या ट्रॅक्टरचा सौदा अद्याप त्या रुमालाखालीच आहे.

शिरूर आणि दौंड येथील बाजार समित्यांजवळ आवारे आहेत, वजनकाटे आहेत, गुरांच्या बाजारांचा अनुभव आहे. त्यांनी महिन्यातून एक दिवस जुन्या ट्रॅक्टरांसाठी राखावा. तेथे यंत्राची तपासणी व्हावी, नांगर लावून किंवा पीटीओवर ताकद मोजणारे उपकरण जोडून. आणि तपासणाऱ्याने एका कागदावर फक्त जे दिसले ते लिहावे. तासाला डिझेल किती लागले, लिफ्ट दहा मिनिटांत किती खाली आली, धुराचा रंग कोणता, टायर किती उरले, नोंदणी व बोजा यांची स्थिती काय. किंमत लिहू नये. किंमत घेणाऱ्या-देणाऱ्यांनीच ठरवावी. पण ठरली म्हणजे ती समितीच्या फळ्यावर, नावे न देता, जात, साल आणि अवस्था यांच्यासह लागावी. असे वर्षभर झाले म्हणजे ‘या टापूत काय भाव आहे’ या प्रश्नास पहिल्यांदाच दलालाखेरीज कोणी उत्तर देऊ शकेल.

मनुष्यबळ कोठून आणावयाचे, असे विचारले जाईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो. त्याच्या शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस याहून चांगले प्रात्यक्षिक कोणते मिळणार? नवे ट्रॅक्टर बाजारात येण्यापूर्वी मध्य प्रदेशातील बुधनीच्या केंद्रीय संस्थेत त्यांच्या चाचण्या होतात आणि अहवाल प्रसिद्ध होतात. नव्यासाठी एवढी यंत्रणा, आणि ज्याच्यात फसण्याचा संभव दसपट, त्या जुन्यासाठी काहीच नाही, हा उलटा न्याय आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. तपासणीचा कागद निघाला की तो विकत मिळू लागेल, आणि दोष झाकण्याचे ते अधिकृत साधन होईल. वाहनांच्या योग्यता-दाखल्यांचा पूर्वानुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच तपासणी उघड्यावर, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हावी आणि तिचा दाखला न होता ती केवळ टिपण राहावी. समोर नांगर खाली येताना ज्याने पाहिला, त्यास कागदावरचा आकडा खोटा सांगून चालणार नाही. दलालांचा विरोध होईल हेही उघड आहे. त्यांना हाकलण्याचे कारण नाही, त्यांनी आपली दलाली फळ्यावर लिहून घ्यावी म्हणजे झाले.

खर्च मोठा नाही. आवार आहेच, ताकद मोजण्याचे एक उपकरण आणि दिवसाचे मानधन एवढीच भर. येत्या उसाच्या हंगामापूर्वी, ट्रॅक्टरांची उलाढाल सुरू होते त्या सुमारास, दोन्ही समित्यांनी मिळून एक दिवस दौंडला आणि एक दिवस शिरूरला असा प्रयोग करून पाहावा. पहिल्या दिवशी पाचच ट्रॅक्टर आले तरी फळ्यावर पाच खरे भाव लागतील, आणि या दोन तालुक्यांत आजवर तेवढेही कोणी लावलेले नाहीत.